झिरो ए.डी. ‘उडतो’ तेव्हा: क्रॅशचा माग काढायची माझी रीत

गेम उडाला की लगेच पुन्हा डबल क्लिक करू नका. सगळ्यांचा हात पहिल्यांदा तिकडेच जातो, आणि हाताशी असलेला पुरावा तिथेच पुसला जातो. झिरो ए.डी., म्हणजे प्राचीन काळातल्या राज्यांच्या लढायांचा गेम, दर वेळी सुरू होताना मेनलॉग नावाची नोंदींची फाइल कोरी करून नव्याने लिहायला घेतो. मघाच्या खेळात शेवटी काय बिनसलं ते जुन्या फाइलीत होतं. म्हणून आधी लॉगचं फोल्डर कॉपी करून दुसरीकडे ठेवा, नावात तारीख आणि मशीनचा नंबर घाला, मग पुढचं बघा.

मी सांगलीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते. मशीन्स जुनी, बहुतेकांत इंटेलचं अंगभूत ग्राफिक्स, वर उबुंटू. शनिवारी प्रॅक्टिकल संपली की पोरं लॅनवर, म्हणजे लॅबमधल्याच नेटवर्कवर, झिरो ए.डी. लावतात आणि मी लावू देते. गेम फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही, इंटरनेट लागत नाही. शिवाय २००९ पासून त्याचा सगळा सोर्स जीपीएल परवान्याखाली खुला आहे. सी प्लस प्लस शिकायला आलेल्या पोराला ‘हे वाच’ म्हणून दाखवावा असा मोठा, चालता प्रोग्रॅम आयता मिळतो. त्यात मौर्य आहेत, हिरो म्हणून चंद्रगुप्त, अशोक आणि चाणक्य मिळतात, हत्ती आहेत. त्यामुळे निम्मे जण मौर्यच घेतात. आणि मग दर थोड्या वेळाने कोणीतरी दारात येऊन म्हणतं, ‘मॅडम, गेम उडाला.’

या लेखात आज्ञा देवनागरीत, म्हणजे फोनवर सांगाव्यात तशा लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमनमध्ये, लहान लिपीत करायच्या. गेमच्या फोल्डरचं नाव ‘०एडी’ असं येईल. त्यातलं पहिलं अक्षर शून्य आहे. गेमचं इंजिन पायरोजेनेसिस, आणि चालणाऱ्या प्रोग्रॅमचं नावही तेच.

आधी विचारायचं: उडाला म्हणजे काय झालं?

‘उडाला’ या एका शब्दात पोरं किमान सहा वेगळी दुखणी घालतात, आणि सगळ्यांची औषधं वेगळी.

स्क्रीनवर वरच्या डाव्या कोपऱ्यात लाल अक्षरांत एरर आली, पण गेम चालू आहे, तर तो क्रॅश नाही. झिरो ए.डी.चं इंजिन सी प्लस प्लसमध्ये आहे, पण सैनिकाने कुणावर हल्ला करायचा, शेतकऱ्याने धान्य कुठे टाकायचं हा बराचसा व्यवहार जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला आहे, आणि ती चालवायला आत स्पायडरमंकी बसवलेलं आहे. जावास्क्रिप्टमध्ये चूक झाली तर एरर छापली जाते, फाइलीचं नाव आणि ओळ सांगितली जाते, आणि गेम पुढे सरकतो. ती ओळ टिपून ठेवा. खरा क्रॅश झाला तर त्याची सुरुवात अनेकदा आधीच्या पाच मिनिटांतल्या अशा एखाद्या लाल ओळीत असते.

एक डबा उघडून त्यात ‘असर्शन फेल्ड’ असं लिहिलेलं आलं, तर नशीब चांगलं आहे. लिहिणाऱ्याने कोडमध्ये ‘इथे अमुक गोष्ट खरी असलीच पाहिजे’ अशी अट घातली होती आणि ती मोडली. अट, फाइल, ओळ, फंक्शन सगळं त्यातच लिहिलेलं असतं. टर्मिनलमधून गेम सुरू केला असेल तर तिथे कंटिन्यू, सप्रेस, ब्रेक, डीबगर, एक्झिट असे पर्याय येतात. पोरं सी दाबून पुढे जातात. अट मोडल्यावर पुढे चालू दिलेल्या गेमवर माझा विश्वास नसतो. त्यानंतर येणारा क्रॅश आधीच्या मोडतोडीचा असतो आणि आपण भलत्याच जागी शोधत बसतो. आधी सगळा मजकूर कॉपी करा.

खिडकी एका क्षणात नाहीशी झाली, डेस्कटॉप दिसला, तर बहुधा सेगमेंटेशन फॉल्ट: प्रोग्रॅमने त्याच्या मालकीच्या नसलेल्या मेमरीला हात लावला. खिडकी नाहीशी झाली आणि टर्मिनलमध्ये फक्त ‘किल्ड’ एवढंच आलं, तर गेम मेलेला नाही, त्याला मारलेलं आहे. रॅम संपली की लिनक्स स्वतःच एखाद्या मोठ्या प्रोसेसचा बळी देतो. चार जीबीच्या मशीनवर मोठा नकाशा, शेजारी ब्राउझरचे वीस टॅब, हे चित्र मी नेहमी बघते. सुडो लावून, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने, डीमेसजी चालवून ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा, उबुंटू २२.०४ पासून सिस्टमडी-ओओएमडी नावाचा दुसरा मारेकरीही असतो, त्याची नोंद जर्नलमध्ये मिळते. असं निघालं तर डीबगर उघडायचं काही कारण नाही. ब्राउझर बंद करा, छोटा नकाशा घ्या.

चित्र थिजलं आणि पंखा जोरात फिरायला लागला तर तो हँग. त्याची वेगळी गोष्ट पुढे आहे. आणि लॅनवर ‘आउट ऑफ सिंक’ असा संदेश आला तर दोन मशीन्सचा हिशेब जुळेनासा झाला आहे, क्रॅशशी त्याचा संबंध नाही. आधी सगळ्यांकडे एकच आवृत्ती आणि तेच मॉड (गेममध्ये बदल करणारे जोड) आहेत ना ते तपासा. गडबड बहुधा तिथेच असते.

सगळ्यांचा उडाला की एकट्याचा?

हा प्रश्न मी कुठल्याही लॉगच्या आधी विचारते, कारण निम्मं निदान त्यात होतं.

झिरो ए.डी.मध्ये लॅनवर खेळताना सैनिकांच्या जागा एका मशीनकडून दुसऱ्याकडे पाठवल्या जात नाहीत. फक्त हुकूम पाठवले जातात: अमुक खेळाडूने अमुक तुकडीला तिथे जायला सांगितलं. खेळ २०० मिलिसेकंदांच्या टर्नमध्ये कापलेला असतो, आणि प्रत्येक मशीन त्या टर्नचे तेच हुकूम घेऊन आपापल्या घरी सगळी लढाई मोजतं. सगळ्यांचं उत्तर तेच यायला हवं, अशी रचनाच आहे.

म्हणून सगळी मशीन्स एकाच क्षणी पडली तर चूक लढाईच्या हिशेबात आहे, म्हणजे सिम्युलेशनमध्ये. एकच मशीन पडलं आणि बाकीचे खेळत राहिले तर सिम्युलेशन बहुतेक निर्दोष. त्या मशीनचा ग्राफिक्स ड्रायव्हर, आवाज किंवा मेमरी बघा. पोरांना हे एकदा कळलं की ती स्वतःच दारातून ‘मॅडम, फक्त सात नंबरचा उडाला’ असं सांगत येतात, आणि माझं अर्धं काम हलकं होतं.

फाइली कुठे असतात

लिनक्सवर आपल्या होम फोल्डरात डॉट-कॉन्फिग, त्यात ०एडी, त्यात लॉग्ज. फ्लॅटपॅकवरून घेतला असेल तर हेच सगळं डॉट-व्हार, अ‍ॅप, आणि गेमच्या लांबलचक नावाच्या फोल्डरात. मॅकवर लायब्ररी, अ‍ॅप्लिकेशन सपोर्ट, ०एडी. विंडोजवर लोकल अ‍ॅपडेटामध्ये ०एडी, त्यात लॉग्ज. तिथे क्रॅशच्या दोन फाइलीही मिळतात, क्रॅशलॉग डॉट टीएक्सटी आणि क्रॅशलॉग डॉट डीएमपी. लिनक्सवर डीएमपी फाइल शोधू नका.

लॉग्जमध्ये मेनलॉग आणि इंटरेस्टिंगलॉग अशा दोन एचटीएमएल फाइली आहेत. दुसरीत फक्त एरर आणि वॉर्निंग असतात, म्हणून मी आधी ती उघडते. यूजररिपोर्ट_एचडब्ल्यूडिटेक्ट (जुन्या आवृत्त्यांत सिस्टम-इन्फो) नावाच्या फाइलीत प्रोसेसर, ग्राफिक्स, ड्रायव्हरची आवृत्ती असते. ती कुणाला माहिती पाठवताना कामी येते.

पण खरा ऐवज लॉगमध्ये नाहीच. तो डॉट-लोकल, शेअर, ०एडी, रिप्लेज या फोल्डरात आहे.

रिप्ले: गुन्हा पुन्हा घडवायचा

क्रॅश हवा तेव्हा पुन्हा घडवता आला तरच तो सोडवता येतो. बहुतेक गेममध्ये इथेच माणसं हात टेकतात, कारण पंधरा मिनिटांत खेळाडूने नेमकं काय काय दाबलं ते कुणाला आठवणार? झिरो ए.डी.मध्ये ते आठवावं लागत नाही. लढाई फक्त हुकुमांवरून मोजली जाते, म्हणून हुकूम लिहून ठेवले की अख्खी लढाई लिहून ठेवली.

रिप्लेजमध्ये आवृत्तीच्या नावाचं फोल्डर, त्यात तारीख आणि क्रमांकाचं, त्यात कमांड्स डॉट टीएक्सटी. साध्या एडिटरमध्ये उघडा. सुरुवातीला ‘स्टार्ट’ची एक लांब ओळ: नकाशा, खेळाडू, सेटिंग्ज. मग टर्न, तिचा क्रमांक, २००. त्या टर्नमध्ये कोणी हुकूम दिले असतील तर ‘सीएमडी’ने सुरू होणाऱ्या ओळी, मग ‘एंड’. मधूनमधून ‘हॅश’च्या ओळी दिसतात, सगळ्यांचा हिशेब जुळतो आहे की नाही हे पडताळण्याचे ते शिक्के.

यात एक बारीक पण फार उपयोगी गोष्ट आहे. गेम टर्न आधी फाइलीत लिहितो आणि मग चालवतो. त्यामुळे गेम टर्नमध्येच पडला तर फाइलीतली शेवटची टर्न हीच गुन्ह्याची टर्न. तिचा क्रमांक ४५०० असेल तर ४५०० गुणिले ०.२ सेकंद, म्हणजे ९०० सेकंद, पंधरावं मिनिट. पोरांना विचारा पंधराव्या मिनिटाला काय चाललं होतं. ते बरोबर सांगतात.

कॉम्प्युटर खेळाडूचे, म्हणजे पेट्राचे, हुकूम या फाइलीत शोधू नका. रिप्लेमध्ये तो पुन्हा नव्याने विचार करतो आणि तेच ठरवतो. त्यामुळे पेट्रामुळे झालेला क्रॅशसुद्धा असाच पुन्हा घडतो.

आता चित्राशिवाय रिप्ले चालवायचा:

पायरोजेनेसिस -रिप्ले=(कमांड्स फाइलीचा पूर्ण पत्ता)

खिडकी उघडत नाही. टर्मिनलमध्ये टर्नचे आकडे भराभर वर सरकतात. चित्र काढायचं नसल्याने पंधरा मिनिटांची मॅच पटकन संपते. आवृत्ती आणि मॉड मात्र खेळताना होते तेच हवेत. आल्फा २६ मधली मॅच आल्फा २७ वर चालवून काही सिद्ध होत नाही, कारण एका भाल्याचा मारा जरी बदलला असला तरी पुढची सगळी लढाई वेगळी.

इथे दोन वाटा फुटतात. चित्राशिवायही त्याच टर्नला पडला: चूक सिम्युलेशनमध्ये, आणि ती तुमच्या मुठीत आली, कारण आता हवी तितक्या वेळा पाडता येते. चित्राशिवाय सुखरूप शेवटापर्यंत गेला: मग ‘-रिप्ले’च्या जागी ‘-रिप्ले-व्हिज्युअल’ घालून चित्रासकट चालवा. आता पडला तर रेंडरर (चित्र काढणारा भाग), ड्रायव्हर, आवाज किंवा वरचे मेनू यांच्यापैकी कोणीतरी. कशातच पडला नाही तर दोन थ्रेड्समधली, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांमधली, शर्यत असू शकते, कारण वाट शोधायचं काम, पाथफाइंडिंग, गेम अनेक थ्रेड्सवर वाटतो; किंवा मशीनची रॅमच खराब. रॅमची शंका मेमटेस्टने आधी फेडून घ्या, तासन्‌तास कोड वाचण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

एकट्याचा उडतो तेव्हा

आमच्याकडे बहुतेक प्रकरणं या खात्यातली. मी क्रमाने तीन गोष्टी करते.

ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रेंडरर बॅकएंड बदलून बघते. आल्फा २७, ज्याचं नाव ‘अग्नी’ होतं, त्यात ओपनजीएल, ओपनजीएल एआरबी आणि व्हल्कन असे पर्याय आहेत. गेम मेनूपर्यंतही पोहोचत नसेल तर आज्ञेतच सांगता येतं:

पायरोजेनेसिस -कॉन्फ=रेंडररबॅकएंड:जीएलएआरबी

एआरबी म्हणजे जुनी, साधी वाट. चित्र थोडं फिकं दिसतं, पण आमच्या जुन्या इंटेलवर गेम उभा राहतो.

त्याने भागलं नाही तर लिबजीएल-ऑलवेज-सॉफ्टवेअर हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून गेम चालवते. शब्दांमध्ये अंडरस्कोर, आणि हे नाव मात्र कॅपिटलमध्ये. याने ग्राफिक्सचं सगळं काम प्रोसेसर करतो. गेम गोगलगाय होतो, खेळण्यालायक राहत नाही, पण क्रॅश थांबला तर ड्रायव्हर दोषी ठरला. मग मेसा, म्हणजे लिनक्सवरचे खुले ग्राफिक्स ड्रायव्हर, अपडेट करायचं. तिसरं, आवाजाची शंका असेल तर ‘-नोसाउंड’.

डॉट-कॅशमधलं ०एडी फोल्डर काढून टाकायला हरकत नाही. गेम ते पुन्हा तयार करतो. मात्र वैतागून डॉट-कॉन्फिगचं अख्खं फोल्डर उडवू नका, लॉगही तिथेच आहेत.

जीडीबी लावताना

जीडीबी हा डीबगर, म्हणजे चालता प्रोग्रॅम थांबवून आत डोकावायचं साधन. टर्मिनलमध्ये नुसतं ‘०एडी’ टाइप केलं की गेम चालतो, म्हणून पोरं ‘जीडीबी ०एडी’ करतात आणि फाइलीचा फॉरमॅट ओळखत नाही अशी तक्रार मिळते. ०एडी ही छोटी शेल स्क्रिप्ट आहे. जीडीबीला खरा प्रोग्रॅम द्यायचा:

जीडीबी --आर्ग्ज पायरोजेनेसिस -कॉन्फ=विंडोड:ट्रू

शेवटचा तुकडा विसरू नका. पूर्ण स्क्रीनवर गेम पडला की जीडीबी त्याला जागच्या जागी थिजवतो. खिडकी स्क्रीन आणि माउस दोन्ही धरून बसते आणि तुम्हाला मागचं टर्मिनल गाठता येत नाही. पोरं अशा वेळी पॉवर बटण दाबतात. छोट्या खिडकीत चालवा, किंवा माझ्यासारखं करा: शेजारच्या मशीनवरून एसएसएचने (नेटवर्कवरून या मशीनचं टर्मिनल उघडून) आत या, चालू गेमच्या प्रोसेसचा नंबर ‘पीग्रेप पायरोजेनेसिस’ने काढा आणि जीडीबीला ‘-पी’ने तो नंबर द्या. उबुंटूवर त्यासाठी सुडो लागतं, आणि चिकटल्यावर गेम थांबतो, म्हणून ‘कंटिन्यू’ म्हणावं लागतं. चित्राशिवायच्या रिप्लेला यातलं काहीच नको, आणि मला तो आवडण्याचं तेही एक कारण आहे.

जीडीबी सुरू होताना डीबगइन्फोडी चालू करू का असं विचारतो. वाय म्हणा. पॅकेजमधल्या प्रोग्रॅममधून फंक्शनांची नावं आणि ओळी काढून टाकलेल्या असतात. त्या इंटरनेटवरून आणल्या जातात. त्या नसतील तर बॅकट्रेसमध्ये, म्हणजे पडताना कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं होतं त्या यादीत, नुसती प्रश्नचिन्हं.

मग ‘सेट पेजिनेशन ऑफ’, ‘सेट लॉगिंग इनेबल्ड ऑन’, आणि ‘रन’. पडल्यावर ‘बीटी’ (म्हणजे बॅकट्रेस), आणि मग सगळ्या थ्रेड्ससाठी ‘थ्रेड अप्लाय ऑल बीटी फुल’. सगळं जीडीबी डॉट टीएक्सटी या फाइलीत उतरतं. मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढू नका. फोटोत शोध घेता येत नाही आणि खालचा निम्मा भाग हमखास राहतो.

गेम आधीच पडून गेला असेल तर सिस्टमडी-कोअरडंप हे पॅकेज बसवलेलं असल्यास ‘कोअरडंपसीटीएल लिस्ट’ने मेलेल्यांची यादी मिळते आणि ‘कोअरडंपसीटीएल डीबग पायरोजेनेसिस’ने जीडीबी थेट शेवटच्या मृतदेहावर उघडतो. पॅकेज क्रॅशच्या आधी बसवलेलं असावं लागतं, म्हणून लॅबच्या सगळ्या मशीन्सवर मी ते ठेवलंच आहे.

बॅकट्रेस वाचणं

यादीतल्या एकेका ओळीला फ्रेम म्हणतात. वरची, शून्य नंबरची फ्रेम म्हणजे प्रोग्रॅम पडला ती जागा. खाली जाल तसं तिथवर कोणी आणलं ते. नवशिके शून्य नंबरवर नजर खिळवून बसतात. तिथे ‘रेझ’, ‘अबॉर्ट’ असलं काही असेल तर ती फक्त मरणाची पद्धत आहे. खाली सरकत जा आणि गेमच्या स्वतःच्या सोर्समधली पहिली फ्रेम शोधा. वरच्या सगळ्या फ्रेम आयरिस, रेडिऑनएसआय, एनव्हिडिआ असल्या नावांच्या फाइलींत असतील तर ते ड्रायव्हरच्या घरचं भांडण. लिबओपनएएल दिसलं तर आवाज.

गेमच्या फाइलीचा पत्ताही बोलतो. सोर्सच्या आत सिम्युलेशन२, रेंडरर, ग्राफिक्स, जीयूआय, नेटवर्क, साउंडमॅनेजर, स्क्रिप्टइंटरफेस असे कप्पे आहेत. पत्ता वाचलात की कोणत्या खात्याशी गाठ आहे ते कळतं. त्याच पाच-सात फ्रेम हजारो वेळा उगाळलेल्या दिसल्या तर फंक्शन स्वतःलाच बोलावत राहिलं आणि स्टॅक संपला.

ज्या पत्त्याला हात लावताना पडला तो शून्य किंवा ०एक्स१८ सारखा अगदी लहान असेल तर नल पॉइंटर. वस्तू नव्हतीच, आणि तिच्या आतल्या एका खणात हात घातला गेला. पत्ता मोठा आणि विचित्र असेल तर बहुधा वस्तू होती, पण मोडून टाकल्यावर कोणीतरी जुना पत्ता वापरला. हा दुसरा प्रकार त्रासाचा, कारण पडण्याची जागा आणि चुकीची जागा यांत बरंच अंतर असू शकतं. तिथे अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीची चूक घडते तिथेच पकडणारी सोय) लावून सोर्सपासून बनवलेला प्रोग्रॅम, म्हणजे बिल्ड, जीडीबीपेक्षा जास्त कामाचा.

झिरो ए.डी.मध्ये नल पॉइंटर कुठून येतो हे एकदा समजून घेण्यासारखं आहे. सैनिक, घर, झाड, सगळं इथे फक्त एक नंबर असतं. त्या नंबराला जागा, आरोग्य, हल्ला असे घटक जोडलेले. कोड नंबर देऊन घटक मागतो. पण मधल्या काळात तो सैनिक मेला असेल, तर हाती काहीच येत नाही. ‘आहे का?’ हे न विचारता वापरलं की संपलं. याचीच चुलत बहीण म्हणजे गॅरिसन. हत्ती किल्ल्यात शिरला की तो जिवंत असतो, त्याचा जागेचा घटकही असतो, पण इंजिनच्या लेखी तो ‘जगात’ नसतो. त्याची जागा विचारली तर लॉगमध्ये तक्रार येते आणि शून्य-शून्य अशी खोटी जागा परत मिळते. गेम तिथे पडत नाही. खोट्या जागेवर पुढचा हिशेब होतो, आणि तो कधीतरी अंगाशी येतो. मघाशी म्हटलं होतं ना, लाल ओळी टिपून ठेवा.

व्हेरिएबलची किंमत बघायला ‘फ्रेम ३’, मग ‘इन्फो लोकल्स’. ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ असं उत्तर मिळालं तर पॅकेजचा बिल्ड पुरणार नाही. त्याच आवृत्तीचा सोर्स आणा, बिल्ड फोल्डरातली अपडेट-वर्कस्पेसेस स्क्रिप्ट चालवा, आणि ‘मेक कॉन्फिग=डीबग’. तयार होतो पायरोजेनेसिस_डीबीजी. हळू चालतो, पण काही लपवत नाही. तोच रिप्ले त्याच्यावर चालवा.

हँग: कामगार हत्तीची गोष्ट

एका शनिवारी आठही मशीन्स एकदम थिजली. सगळ्यांची एकदम, म्हणजे सिम्युलेशन. चित्राशिवाय रिप्ले लावला. टर्नचे आकडे पळत गेले आणि एका आकड्यावर थांबले ते थांबलेच. शेजारून जीडीबी चिकटवला, बीटी घेतला. वरच्या फ्रेम नुसती प्रश्नचिन्हं, खाली स्पायडरमंकी. कंटिन्यू करून थोड्या वेळाने कंट्रोल-सी, पुन्हा बीटी: तेच दृश्य. डीबग माहिती असूनही प्रश्नचिन्हं येतात तेव्हा ते बहुधा जावास्क्रिप्टचं कोड असतं, जे स्पायडरमंकीने चालता चालता मशीन कोडमध्ये उतरवलेलं असतं. त्याला सोर्सची ओळच नसते. म्हणजे कुठलं तरी जावास्क्रिप्टचं लूप संपत नव्हतं.

इथे जीडीबी ठेवून दिला. जावास्क्रिप्टसाठी जुना उपाय बरा: संशयित फंक्शनमध्ये ‘वॉर्न’ (इशाऱ्याची ओळ छापणारी आज्ञा) टाकायचा, आत व्हेरिएबल द्यायचं, रिप्ले पुन्हा लावायचा. संशयित शोधायला वेळ लागला नाही, कारण त्या दिवशी सगळ्यांनी तिसऱ्या वर्षाच्या एका पोराचा मॉड घातला होता. मौर्यांचा कामगार हत्ती म्हणजे चालतंफिरतं कोठार; लाकूडतोडे लाकूड त्याच्याकडेच टाकतात. या पोराने हत्तीला जवळचं खरं कोठार स्वतः शोधून तिकडे जायला शिकवलं होतं: सापडत नाही तोवर परीघ वाढवत राहा. कोठार आहे तोवर छान. त्या टर्नला त्याचं शेवटचं कोठार जळालं. वॉर्नमध्ये परिघाचा आकडा नकाशाच्या कितीतरी बाहेर पळताना दिसला, तेव्हा काही समजवावं लागलं नाही. त्याने परिघाला नकाशाच्या लांबीची मर्यादा घातली आणि नसेल कोठार तर हत्ती उभा राहील असं केलं.

दुरुस्तीनंतर तोच रिप्ले चालवला आणि अडलेली टर्न पार झाली. दुरुस्तीने सिम्युलेशनचं वागणं बदलतं, त्यामुळे त्या टर्नपुढे जुने हॅश जुळले नाहीत तर घाबरू नका. त्याच्या आधी जुळले नाहीत तर मात्र दुरुस्तीने दुसरीकडे काहीतरी हलवलं आहे.

मॉड खूप असतील आणि संशय कुणावरच नसेल तर निम्मे काढा, खेळा. तरी पडला तर उरलेल्यांतले निम्मे काढा, नाही पडला तर काढलेल्यांत तसंच शोधा. इथे रिप्ले कामाचा नाही, कारण मॉड बदलला की लढाई बदलते.

कळवायचं असेल तर

चूक गेमचीच निघाली तर गेम बनवणाऱ्या वाइल्डफायर गेम्सच्या गिटीवर, म्हणजे चुका नोंदवायच्या साइटवर, आधी शोधा. फंक्शनचं नाव टाकून शोधलं तर जुनी नोंद लवकर सापडते. नसेल तर लिहा: आवृत्ती, पॅकेज कुठून घेतलं, मशीनच्या माहितीची वरची फाइल, इंटरेस्टिंगलॉग, बॅकट्रेसचा मजकूर, आणि कमांड्स डॉट टीएक्सटी. ‘माझा गेम सारखा क्रॅश होतो’ या वाक्यावर जगात कोणीही काही करू शकत नाही. त्या एका फाइलीवर करू शकतो. वाक्यं साधी इंग्रजी चालतात, माझी पोरं तशीच लिहितात.

कमांड्स फाइलीत खेळाडूंची नावं असतात. पोरांनी टोपणनावांच्या जागी रोल नंबर टाकलेले असतील तर ती फाइल बाहेर पाठवण्याआधी बदला. स्टार्टच्या ओळीतलं नाव बदलल्यावर रिप्ले अजून त्याच टर्नला पडतो ना, ते एकदा बघून घ्या. कोअर फाइल मात्र कधीच बाहेर टाकायची नाही. त्यात प्रोग्रॅमची सगळी मेमरी जशीच्या तशी असते, आकार अवाढव्य, आणि तुमच्या मशीनच्या लायब्ररींशिवाय समोरच्याला तिचा उपयोगही नसतो. बॅकट्रेस काढून झाला की व्हार, लिब, सिस्टमडी, कोअरडंप या फोल्डरातून ती काढून टाका, नाहीतर ती उगाच डिस्कची जागा अडवून बसते.